उजव्या बोटावरची शाई

आजवर हे मी कुणाजवळ बोलले नाही. यांच्याजवळ नाही, म्हणजे माझ्या नवऱ्याजवळ. मुरबाडला माहेरी नाही. जिच्यापासून माझ्या पोटातलं काहीच लपत नाही त्या धाकट्या बहिणीजवळही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता हे ओझं वाहवत नाही म्हणूनही असेल. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी खोड आहे, तेव्हा आधी थोडं इकडचं तिकडचं बोलेन. तेवढं ऐकून घ्या.

गोष्ट आईंची आहे. आई म्हणजे माझ्या सासूबाई. उंचीने माझ्या खांद्याला लागायच्या, पण आवाज असा की ओढ्यापलीकडचा माणूस मान वर करून बघायचा. मी मुरबाडहून लग्न होऊन इथे शहापूर तालुक्यात आले, आसनगाव स्टेशनवरून बरंच आत, तेव्हा मला धड भाकरीही थापता यायची नाही. पहिल्या दिवशीची माझी तांदळाची भाकरी बघून त्या म्हणाल्या, "हा नकाशा कुठला गो मंदे, मुरबाडचा काय?" मी रडायलाच लागले. तर त्यांनी ती फाटकी भाकरी स्वतःच्या ताटात ओढली आणि त्यांच्या हातची गोल भाकरी मला वाढली. त्यांच्याशी मी काय केलं ते सांगायला बसलेय — आणि आठवते ती भाकरीच.

आईंची एक निशाणी होती. मतदानाची. कुठली ते सांगणार नाही. आमच्याकडे निशाणीचं नाव निघालं की सख्खे भाऊ ताटावरून उठतात, आणि नावाशी तुम्हाला तरी काय करायचंय? त्यांची एक होती आणि पुढे माझी दुसरी झाली, एवढं पुरे.

त्यांच्या निशाणीमागे एक कोयता होता. आई नव्या नवरी असताना कुडाच्या भिंतीसाठी कारवी तोडायला रानात गेल्या होत्या. तिथे जंगलखात्याच्या गार्डाने त्यांचा कोयता काढून घेतला. कोयता माहेरचा, बापाने लोहाराजवळ बसून करवून घेतलेला. सासरी सगळे म्हणाले, जाऊ दे, दुसरा घेऊ. आई काही जाऊ द्यायला तयार नव्हत्या. तेव्हा त्या निशाणीचं काम करणारा एक माणूस त्यांना घेऊन पायी शहापूरला गेला, जंगलखात्याच्या ऑफिसच्या पायरीवर दिवसभर बसून राहिला आणि कोयता हातात मिळाल्यावरच उठला. झालं! तेव्हापासून आईंनी दर मतदानाला त्याच निशाणीवर शिक्का मारला, आणि मशीन आल्यावर तेच बटण दाबलं. मतदानाच्या दिवशी पहाटे आंघोळ करून ठेवणीतलं लुगडं नेसायचं, त्या कोयत्याला दसऱ्यासारखं हळदकुंकू वाहायचं, आणि मत देऊन येईपर्यंत चहाचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. "उपाशी पोटानं दिलेलं मत फळतं," म्हणायच्या. आम्ही सगळे हसायचो. मी तर जरा जास्तच.

सुरुवातीला त्यांची निशाणी तीच माझी होती. नव्या सुनेला कुठलं आलंय स्वतःचं मत? पण मग पाणी आडवं आलं. धरण आमच्या उशाशी आणि पाणी जातं मुंबईला. होळी झाली की आमच्या विहिरीच्या तळाचे दगड दिसायला लागतात. डोक्यावर दोन हंडे, काखेत कळशी आणि टँकरवर शिव्या-शाप, असे माझे किती उन्हाळे गेले! अशात दुसऱ्या निशाणीची माणसं गावात आली. त्यांनी आम्हा बायकांना खुर्च्यांवर बसवलं आणि विचारलं, "ताई, तुम्हाला काय पाहिजे?" अहो, मला जन्मात असं कुणी विचारलं नव्हतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "घरात नळ पाहिजे." टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या माझ्या डोक्यात गेल्या म्हणा ना.

मी त्यांचीच होऊन गेले. गळ्यात उपरणं, दारोदार प्रचार. शिलाईची मशीन धूळ खात पडली, लोकांचे ब्लाऊज रखडले. गावात कुजबुज सुरू झाली, यांची सून फार फिरते. तेव्हा माझ्या बाजूने कोण उभं राहिलं? आई! ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझी सून हाय. फिरंल नायतर उडंल. तुमच्या बापाचं काय जातं?" मी त्यांच्या निशाणीच्या विरुद्ध ओरडायला जायची, आणि माझी पोरं त्या सांभाळायच्या. रात्री आले की विचारायच्या, "काय गो, आज तुज्या सायबानं काय पाजलं? पानी का नुसताच चहा?"

मी चिडायची. एकदा म्हणाले, "आई, एका कोयत्यापायी किती वर्षं गुलामी करायची?" शब्द तोंडातून गेला आणि माझी मीच चरकले. त्या रागावल्या नाहीत. "गुलामी नाय गो ती. याद हाय," म्हणाल्या, आणि निवडत होत्या ते तांदूळ निवडत राहिल्या.

मनात मात्र मी काय म्हणत होते माहीत आहे? म्हातारीला काय कळतंय! इतक्या मायेच्या बाईबद्दल, तिच्याच घरात, तिच्याच हातचं खाऊन — मी हे म्हणत होते.

पुढे काचबिंदूने आईंची नजर गेली. आधी कडा गेल्या, मग मधलंही. डॉक्टर म्हणाले, गेलेली परत यायची नाही. आईंनी ते माझ्यापेक्षा लवकर पचवलं. हाताने चाचपून भांडी ओळखायच्या, पावलांवरून माणसं ओळखायच्या. फक्त मतदान आलं तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरलेला पाहिला. "आता माजं मत कसं व्हनार गो?"

मी चौकशी केली. ज्याला दिसत नाही त्याच्याबरोबर घरचं माणूस आत जाऊ शकतं, त्याने सांगितलेलं बटण ते माणूस दाबतं. घरात मुलगा होता, पुतण्या होता. पण आई म्हणाल्या, "मंदाच येईल. तिच्यावर माजा भरवसा हाय." सगळ्यांना हसू आलं. घरात त्यांच्या निशाणीची एकच वैरीण, आणि तिच्यावरच यांचा भरवसा!

त्या सकाळी कोयत्याला हळदकुंकू मीच वाहिलं, कारण त्यांना दिसत नव्हतं. उपाशी पोटी, माझा दंड धरून त्या शाळेपर्यंत चालत आल्या. माझ्या मताची शाई डाव्या बोटाला लागली. मग त्यांची साथीदार म्हणून माझी सही घेतली, की यांचं मत गुप्त ठेवीन. आणि माझ्या उजव्या बोटालाही शाई लावली. तेवढं एक वचन मी पाळलं बघा. गुप्त ठेवीन म्हटलं, गुप्त ठेवलं.

मशीनसमोर उभ्या राहिलो. आईंनी मागून माझा पदर धरला होता. पुटपुटल्या, "दिसली का गो आपली?"

"दिसली."

दिसली होतीच. समोरच होती. आणि मी बोट उचललं, त्यांच्या निशाणीवरून पुढे नेलं आणि माझ्या निशाणीचं बटण दाबलं.

हात कापला का? नाही हो. तोच तर सल आहे. मला वाटलं, नळ येईल तो यांच्याच घरात येईल, पाणी याच पितील, मग यांच्या भल्याचंच करतेय मी. चोरी करताना कुणाच्या भल्याचं म्हणून करायची इतकी हौस असते माणसाला? मशीनचा लांब आवाज झाला. आईंनी मला सोडलं आणि त्या आवाजाच्या दिशेने दोन्ही हात जोडले.

बाहेर आल्यावर विचारलं, "आपल्यावरच दाबलंस ना?"

"हो आई."

घरी आल्यावर मी त्यांना गवती चहा घालून, साखर जास्त टाकून चहा दिला. त्या भुरके मारत म्हणाल्या, "आज चहा लय गोड लागतो." मी चुलीपुढे पाठ करून बसले होते.

आणि एकदा जमलं की पुढच्या वेळी काही वाटेनासं होतं. त्यानंतर आलेल्या प्रत्येक मोठ्या इलेक्शनला मी तेच केलं. तोच पदर, तोच प्रश्न, तोच माझा "हो आई". शाई लागलेलं उजवं बोट मी घरी येऊन राखेने घासायची, पण ती शाई काय अशी निघते?

माझी निशाणी निवडून आली. नळही आला, खोटं नाही बोलत. दारात पाईप उभा राहिला, वर तोटी, फोटो काढले, फोटोत मी मधोमध. आई चाचपत गेल्या, तोटी फिरवून खाली ओंजळ धरून उभ्या राहिल्या. हवा आली, फुस्स. नंतर पाणी कधीच आलं नाही. काही दिवसांनी त्यांनी शेळी त्या पाईपला बांधली. "काय बी म्हन मंदे, तुज्या सायबानं खुटा मात्र भक्कम दिला." आम्ही दोघी इतक्या हसलो की शेळी बुजली.

पण मी हसले ते वरवरचं. पाणी आलं नाही म्हणून माझं मन फिरलं म्हणाल, तर तेवढ्याने नाही. पाणी आज नाही तर उद्या येईल म्हणून मी कितीतरी दिवस लोकांशी भांडले. मन फिरलं ते टँकरच्या एका मीटिंगमध्ये. कोणत्या वस्तीला कधी टँकर द्यायचा ते ठरत होतं. वरच्या वाडीत कातकऱ्यांची घरं आहेत, पावसाळा सरला की वीटभट्टीवर जाणारी माणसं. आमच्यातला एक जण खुर्चीवर पाय हलवत म्हणाला, "वरच्या वाडीला नाय दिलं तरी चालतंय. ती मतं आपली नायत." सगळे हसले. मी उपरणं घालून तिथे बसले होते. मूग गिळून पुढ्यातला चहा प्यायले.

घरी येऊन हे आईंना सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, कदाचित त्यांनी मला शिव्या घालाव्यात म्हणून. त्या म्हणाल्या, "माजा कोयता आनाया तो मानूस शहापूरला आला ना, तवा त्यानं मला इचारलं नव्हतं गो, तू मत कोनाला देतेस. माजं तर तवा मतदारात नाव बी नव्हतं."

मी उठून बाहेर गेले. शेळीजवळ जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं मी समजत होते की कोयत्याच्या बदल्यात मत, असा तो व्यवहार होता.

आता तुम्ही म्हणाल, मग फिरलीस ना परत? तसं सोपं असतं तर! आईंची निशाणी तरी कुठे तीच राहिली होती? तो पायी चालणारा माणूस कधीच गेला. त्याच्या मागून आले ते मोठ्या गाड्यांतून आले आणि आमच्या गावच्या फाट्यावरूनच वळले. मला धड इकडे जाता येईना, धड तिकडे राहता येईना. उपरण्याचं मी शिलाई मशीन पुसायचं फडकं केलं. पण तोंडाने कुणाला सांगितलं नाही. इतकी ओरडून भांडलेली बाई मी — आता चुकले म्हणू कशी? गाव नाकाने कांदे सोलायला टपलेलंच होतं. घरात मी त्याच निशाणीची राहिले. आईंना फडकं काही दिसत नव्हतं.

मग ते मतदान आलं, आईंचं शेवटचं. त्या खूप थकल्या होत्या. मी म्हणाले, राहू द्या आता. तर म्हणाल्या, "नाय. औंदा तं जायलाच पायजे." तसंच लुगडं, तसंच हळदकुंकू, तशाच उपाशी. शाळेच्या व्हरांड्यात लांब रांग होती. कुणीतरी त्यांना खुर्ची दिली. मी बाजूला उभी. त्यांनी मला वाकायला सांगितलं आणि माझ्या कानाशी म्हणाल्या,

"औंदा तुज्या निशानीवर दाब."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चुकलं. "काय आई?"

"तुज्या. इतकी वर्सं तुजं मन तिकडं, आन माज्यासाठी तू इकडं दाबत आलीस. एकदा बी फशिवलं नायस. दुसरी असती तं दाबलं असतं आपल्या मनाचं, म्हातारीला काय दिसतंय! आता माजी पाळी. एक मत तं तुला द्यायला पायजे ना मी?"

आणि माझा हात हातात घेऊन त्या हसल्या. दात नव्हते, तरी काय सुंदर हसायच्या हो त्या.

तिथे सांगता आलं असतं. रांग लांब होती, वेळ होता, कान माझ्या तोंडाशी होता. मी म्हणाले असते, आई, मी चोर आहे, तर फार तर काय झालं असतं? त्यांनी मला टाकलं असतं? फाटकी भाकरी ओढून घेणारी बाई ती. पण मी नाही सांगितलं. मी त्यांच्या डोक्यावरचा पदर नीट केला.

आत गेलो. माझं मत मी कुणालाच नको म्हणून शेवटच्या, नोटाच्या बटणावर दिलं. मग उजव्या बोटाला शाई, मग परत मशीन. आईंनी मागून पदर धरला. "दिसली का गो तुजी?"

"दिसली."

माझ्या जुन्या निशाणीवर बोट नेलं, आणि मला तो पाय हलवणारा माणूस दिसला. शिसारी आली. बोट मागे घेतलं आणि आईंच्या निशाणीचं बटण दाबलं. तेव्हा मला वाटलं, घेतलेलं परत केलं मी. केवढी हलकी झाले! दारापर्यंत येईतो कळलं, कसलं परत? त्यांनी तोंडाने स्पष्ट सांगितलं होतं त्यांना काय पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपलं मत बदललं होतं, माझ्यासाठी बदललं होतं, आणि तेही मी माझ्या मनासारखं करून टाकलं.

"दाबलंस ना तुज्यावर?"

"हो आई."

घरापर्यंत वाटेत जो भेटेल त्याला त्या सांगत सुटल्या, "आज सुनंच्या निशानीला मत दिलं मी!" आवाज तोच, ओढ्यापलीकडे जाणारा. घरी येऊन चहा प्यायल्या आणि कोयता मागून घेतला. धारेवरून अंगठा फिरवला आणि तो माझ्या मांडीवर ठेवला. "तुजाच हाय आता. सांभाळ."

त्या थंडीत आई गेल्या. झोपेतच. अंगावर माझ्या माहेरकडच्या म्हशाच्या जत्रेतून मी आणलेली घोंगडी होती.

बाराव्याला माणसं आली. माझ्या जुन्या निशाणीचा कार्यकर्ता आला, फोटोला हात जोडून आमच्या यांना म्हणाला, "म्हातारीनं शेवटचं मत आपल्याला दिलं. सगळा गाव सांगतो." ओट्यावर आईंच्या निशाणीचा एक म्हातारा बसला होता. तो म्हणाला, "शेवटी काय दिलं असंल ते असंल. पण त्याच्या आधी तिचं एक बी मत कधी हललं नाय. असं इमान आता कुठं बघाया मिळनार?" दोघांनाही चहा मीच दिला. दोघांनीही उजव्या हाताने घेतला, आणि मी माझा उजवा हात पदराखाली घेतला. नखाच्या कडेला शाई अजून होती.

दसऱ्याला मी कोयत्याला हळदकुंकू वाहते. गावात अजून दोन्हीकडची माणसं आईंच्या मतावरून वाद घालतात, आमचं होतं, नाही आमचं होतं. कुणाचंच नव्हतं ते. नजर गेल्यापासून आईंनी एकही मत दिलं नाही. सगळी मी दिली.